पोळं जाळायला निघालेल्यांनो, आधी आमच्या दिराची गोष्ट ऐका

वाईची_सून
काल आमच्या गावच्या वॉट्सॅप ग्रुपवर एका महाशयांनी मेसेज टाकला, जसाच्या तसा देते. "गांधीलमाशीचं पोळं झालंय? घाबरू नका. रात्री बांबूला चिंध्या गुंडाळा, डिझेलात बुडवा, पेटवा, पोळ्याखाली धरा. दोन मिनिटात खलास. खर्च शून्य." खाली चाळीसेक अंगठे. मी दोन ओळी लिहिल्या तर "तुम्ही पुण्यात राहता, तुम्हाला काय कळतंय" असं उत्तर आलं, म्हणून इथे येऊन बडबडतेय.

तर हेच दोन मिनिटात खलास आमच्या धाकट्या दिरांनी तीन वर्षांपूर्वी केलं होतं. गोठ्याच्या आढ्याला परातीएवढं पोळं. भाऊजी शिडीवर, एका हातात टेंभा, दुसऱ्या हातात मोबाइलची बॅटरी. पोळं पेटलं, खोटं कशाला बोलू. पण पेटलेल्या पोळ्यावरनं ज्या उठल्या त्या सरळ उजेडाकडे आल्या, आणि उजेड होता ह्यांच्या तोंडाजवळ. भाऊजी खाली, टेंभा कडब्यात. अर्धी गंज गेली, म्हैस दावं तोडून ओढ्यापर्यंत पळाली, मनगट मोडलं, अकरा ठिकाणी चावल्या. खर्च शून्य म्हणे!

माझं म्हणणं एवढंच की आधी खालून नीट बघा तरी काय आहे ते. मातीचं आहे का कागदासारखं, वाटीएवढं का परातीएवढं, येण्याजाण्याच्या वाटेवर आहे का कुठेतरी उंच कोपऱ्यात. कोपऱ्यातलं असेल तर राहू द्या. दारातच असेल, घरात लहान मूल असेल, कुणाला ॲलर्जी असेल तर काढा, पण माणूस बोलवून. आग नको.

रांगडा_पाटील
ताई, दिराची शिडी चुकली त्यात टेंभ्याचा काय दोष? आमच्या आज्ज्यापासून टेंभाच चालत आलाय, मी स्वतः वीसेक पोळी उतरवली असतील, डोक्यावर घोंगडं घ्यायचं आणि मागं न बघता निघायचं. शेरातली माणसं गांधीलमाशी दिसली की फोटो काढतात आणि "कोणती प्रजाती" विचारतात, तोवर ती पोराला चावलेली असती.

सेक्रेटरी_बी_विंग
धागा वाचून भरून आलं. आमच्याकडे चौथ्या मजल्याच्या छज्जाखाली पोळं आहे, गेले दीड महिना त्यावर कमिटीत चर्चा चालू आहे. एक मेंबर म्हणतात जीवहत्या नको. दुसरे म्हणतात तीन कोटेशन मागवा. तिसऱ्या काकू म्हणतात पोळं आमच्या खिडकीबाहेर पण छज्जा सोसायटीचा, मग पैसे सोसायटीने द्यावेत. आणि मेंटेनन्स कोण थकवतंय? तेच तिघं! पार्किंगचं तर बोलायलाच नको, त्या दिवशी...

तर्कट
सेक्रेटरीसाहेब, पार्किंगवर तुमचे आधीचे सहा धागे आहेत. हा माश्यांचा आहे.

नवा_भाडेकरू
नमस्कार, मी नवीन आहे. माझ्या किचनच्या एक्झॉस्टच्या बाहेरच्या बाजूला पोळं झालंय. काय करू?

मोहोळवाला
माझं वेगळंच दुखणं आहे. मला आठवड्याला दोनतीन फोन, "मधमाश्या झाल्यात, फुकट घेऊन जा." पेट्रोल जाळून जातो तर गांधील. आणि जिथे खरंच सातेरी मधमाशी असते, जी पेटीत नीट बसवता आली असती, तिथे पोचायच्या आधीच कुणीतरी स्प्रे मारून ठेवलेला. अरे काय आहे ते ओळखा तरी! आग्या मोहोळाचं एकच मोठं पोळं उघड्यावर लोंबतं आणि माश्यांनी झाकलेलं असतं. गांधीलचं पोळं करड्या पुठ्ठ्यासारखं, देठाला टांगलेलं, खाली तोंड केलेल्या घरांचं, त्यात मध नसतोच. पट्ट्याची मोठी गांधील तर भिंतीच्या नाहीतर झाडाच्या पोकळीत नाहीतर जमिनीतल्या बिळात असते, बाहेरून नुसतं भोक दिसतं. पुण्यात केंद्राची मधमाशी संशोधन संस्था १९६२ पासून आहे, २०२२ ला महाबळेश्वरजवळचं मांघर मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, आणि आमच्या पब्लिकला अजून मधमाशी आणि गांधील एकच.

आणि हो, पाटील, तुमचा टेंभा चुकून आग्या मोहोळाला लागला तर घोंगडं पुरणार नाही. शिवनेरीवर धुरामुळे मोहोळ उठून लोकांची काय पळापळ झालीय ते पेपरात वाचलं नाही का कधी? मधमाशीचा काटा कातडीत तुटून राहतो, त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो आणि त्या वासावर बाकीच्या येतात. झटकत बसायचं नाही, पाण्यात उडी मारायची नाही, तोंड झाकून सरळ पळायचं आणि बंद खोलीत शिरायचं.

रांगडा_पाटील
आग्या मोहोळ आणि गांधील मला शिकवू नका हो, तुमच्या पेट्या बागाइतदारांच्या अनुदानावर चालतात.

मोहोळवाला
अनुदानाचा इथे काय संबंध??

कीटकवेडी
मला जरा गांधीलची बाजू घेऊ दे. ते पोळं म्हणजे लाकडाचा भुसा चावून, लाळेत मळून केलेला कागद असतो. आणि पिल्लांना त्या अळ्या चारतात, तुमच्या वांग्यावरच्या, कोबीवरच्या. पाटलांच्या शेतात औषध फवारायचा जेवढा खर्च होतो त्यातला थोडा त्या वाचवतच असतील. आपल्याकडे छज्जाला दिसते ती बारकी तपकिरी गांधील, तिच्यावर बंगळुरूला राघवेंद्र गदगकरांनी कित्येक वर्षं काम केलंय. राणी इतकी गरीब असते की पोळ्यावर कोण राणी ते वागण्यावरनं ओळखता येत नाही, ती काढून घेतली की दुसरी एक अचानक दादागिरी करायला लागते, ती पुढची राणी.

तर्कट
म्हणजे सेक्रेटरी बदलल्यासारखंच.

निवृत्त_मास्तर
सर्वांना नमस्कार. सगळ्याच माश्यांना एका मापाने मोजू नये. आमच्या देवघराच्या कोनाड्यात कुंभारीण दरवर्षी मातीचं घर करते, आम्ही कधी काढत नाही. ही साधी माशी नव्हे. एकनाथी भागवतात अवधूताच्या चोवीस गुरूंत हिला स्थान आहे. ती अळी आणून कोंडते, तिच्याभोवती गुणगुणते, आणि भयाने का होईना अखंड ध्यान लागून ती अळी भृंगीच, म्हणजे कुंभारीणच, होऊन बाहेर पडते. ज्याचा ध्यास, ते रूप.

कीटकवेडी
मास्तर, दृष्टांत म्हणून सुंदरच आहे. पण आत जे घडतं ते भयंकर आहे हो. कुंभारीण अळीला, काही जाती कोळ्यांना, डंख मारून लुळं करते, मारत नाही. मातीच्या घरात भरते, वर अंडं घालते, तोंड लिंपते. अंड्यातनं निघालेलं पिल्लू ते ताजं अन्न हळूहळू खातं आणि मोठं झालं की माती फोडून बाहेर येतं. लोकांना वाटलं आत अळी गेली आणि बाहेर माशी आली.

निवृत्त_मास्तर
म्हणजे नाथमहाराजांना कळत नव्हतं आणि तुम्हाला कळतं, असंच ना?

कीटकवेडी
मी कुठे असं म्हणाले? माझा मुद्दा फक्त किड्यापुरता आहे.

तर्कट
मास्तर, संतांनी पाहिलं ते बरोबरच पाहिलं, अळी आत, माशी बाहेर. मधला भाग मातीआड होता, त्यांच्याकडे एक्सरे नव्हता.

रांगडा_पाटील
आमची आज्जी सांगायची, कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. थोरल्या वहिनीच्या वेळी खरंच झालेलं. तेव्हा कुंभारणीला टेंभा नाही, हे आमच्यात पण पाळतात.

वाईची_सून
आमच्या सासूबाईंचं पण हेच. आमच्या लग्नानंतर घरात सात घरं झाली कुंभारणीची, एक तर मिक्सरच्या सॉकेटमध्ये. सासूबाई मला मिक्सर लावू देईनात, मी दोन महिने पाट्यावर चटणी वाटली. पाळणा हलला पाच वर्षांनी. तोवर माझ्या खांद्याचा निकाल!

तर्कट
सॉकेटवरनं आठवलं. १९९६ ला डोमिनिकन रिपब्लिकमध्ये पुएर्तो प्लाताहून उडालेलं विमान समुद्रात पडलं, १८९ माणसं गेली. वेग मोजायची नळी बुजल्यामुळे वैमानिकाला वेग चुकीचा दिसत होता, आणि ती नळी कुंभारणीच्या जातीच्या माशीने बुजवली असावी असा संशय आहे. विमान बरेच दिवस न झाकता उभं होतं. तेव्हा पाळणा हलो न हलो, सॉकेट आणि गिझरची नळी झाकून ठेवा.

निवृत्त_मास्तर
विमानापर्यंत पोचलात. धन्य आहे. दृष्टांत हा दृष्टांत असतो, त्याला प्राणिशास्त्राचा पेपर समजून मार्क कापू नयेत. आजकाल कुणीही उठतं आणि परंपरेला चिमटा काढतं. मी बत्तीस वर्षं शिकवलंय.

कीटकवेडी
मी पण शिकवते सर. आणि चिमटा मी काढलेला नाही. शाळेत एकदा घर फोडून दाखवलं असतंत तर हा वाद झालाच नसता.

रात्रपाळी
ग्रामीण रुग्णालयात आहे, आत्ताच मोकळा झालो. कुंभारीण एकटी राहते, घराच्या रक्षणाला धावून येत नाही, कुणाला फारशी चावतही नाही, तिच्यावर चाळीस प्रतिसाद. जिच्यामुळे माणसं माझ्याकडे येतात तिच्यावर चार. छान.

दोन पेशंट सांगतो. एक जण, एकच डंख, मानेवर. वीस मिनिटांत अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी, दम लागला. घरच्यांनी तोवर चुना लावला होता, वरून लोखंडाचा विळा घासला होता, आणि वाटेतल्या दवाखान्यातून नुसतं ॲलर्जीचं इंजेक्शन घेऊन आले होते. अशा वेळी लागतं ॲड्रिनलिनचं इंजेक्शन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत, मोठ्या माणसाला अर्धा मिलि, आणि लगेच. बाकी सगळं नंतर. वाचला. दुसऱ्याला पट्टेवाल्या मोठ्या गांधील पन्नासेक चावल्या, गडी चालत घरी गेला, म्हणाला मला काय होत नाय. तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी. विषाने स्नायू विरघळून किडनी बसली होती, डायलिसिसला पाठवला. तेव्हा पुष्कळ चावल्या असतील तर बरं वाटत असलं तरी दाखवा, आणि लघवीच्या रंगाकडे लक्ष ठेवा.

रांगडा_पाटील
डॉक्टर, लोखंड घासलं की आग कमी होते, हे अनुभवाचं आहे, ते तरी राहू द्या.

रात्रपाळी
थंड वाटतं कारण लोखंड थंड असतं. बर्फ आणखी थंड असतो. साधी सूज असेल तर साबणाने धुवा, बर्फ लावा, खाजेची गोळी घ्या, दोनचार दिवसांत उतरते. मधमाशीचा काटा असेल तर नखाने, कार्डाने, कशानेही, पण पटकन काढा. गांधीलचा काटा राहत नाही, ती परतपरत चावू शकते. व्हिनेगर का सोडा हा वाद इथे कृपया सुरू करू नका, विष कातडीच्या आत गेलेलं असतं, वरून काहीही चोळा.

सेक्रेटरी_बी_विंग
डॉक्टर, हे सगळं लिहून सोसायटीच्या बोर्डावर लावू का? निदान ते जीवदयावाले वाचतील.

नवा_भाडेकरू
माझ्या एक्झॉस्टचं कुणी सांगेल का प्लीज? आज फॅन लावला तर एक आत आली. बायको माहेरी जायचं म्हणतेय.

वाईची_सून
अरे बापरे, तुम्ही राहिलातच की! आधी फॅन बंद. पोळं मातीचं का कागदासारखं? किती मोठं? कितवा मजला?

नवा_भाडेकरू
कागदासारखं. आमटीच्या वाटीएवढं. वीसेक असतील. चौथा मजला.

मोहोळवाला
म्हणजे बारकी गांधील. फॅनच्या आतल्या बाजूला पुठ्ठा लावून चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करा, रात्री अंधार झाल्यावर, सगळ्या पोळ्यावर बसलेल्या असताना. फॅनला धक्का लागू देऊ नका, हादऱ्यानेच त्या उठतात. बाहेरून काढायचं काम दोरावर उतरणाऱ्या पेस्ट कंट्रोलवाल्याचं.

रांगडा_पाटील
तळमजला असता तर मी सांगितलं असतं... बरं बाबा, टेंभा नको म्हणतो. बैठं घर असतं तर रात्री अंगभर कपडे घालून साबणाचं दाट पाणी पंपाने मारलं तरी मरतात, आमच्या भाच्याने केलेलं आहे, मला तेव्हा बायकी वाटलं होतं. पण चौथ्या मजल्यावर खिडकीतनं लोंबकळू नकोस. गांधील चावून नाय, खाली पडून जाशील.

वाईची_सून
पाटील, साबणाचं पाणी?! हे आधी का नाही बोललात? आणि "बायकी" म्हणजे काय, आमच्या दिराचं मनगट मर्दानी पद्धतीने मोडलं वाटतं?

रांगडा_पाटील
चूक झाली. पण कडबा लांब ठेवायला पाहिजे होता, हे मी म्हणणारच.

निवृत्त_मास्तर
कीटकवेडीताई, रात्री झोप आली नाही म्हणून लिहितो. घर मी फोडलं होतं. एका वर्षी सातवीच्या वर्गात, खिडकीच्या चौकटीवरचं, मुलांना भृंगी दाखवायला. आतून आठनऊ कोळी पडले. मेलेले नव्हते, एकाचा पाय हलत होता. मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी फळा पुसला आणि भूगोल काढायला सांगितला.

कीटकवेडी
सर 🙏 हे ऐकायला मी तुमच्या वर्गात असायला हवी होते.

नवा_भाडेकरू
अपडेट. पुठ्ठा लावला. पेस्ट कंट्रोलवाला उद्या येतोय. घरमालकांना फोन केला, ते म्हणाले पोळं तुम्ही राहायला आल्यावर झालंय, तेव्हा पैसे तुमच्या डिपॉझिटमधून कापणार.

सेक्रेटरी_बी_विंग
एक्झॉस्टची भिंत बाहेरून सोसायटीची असते! तुम्ही कुठल्या विंगचे? बी तर नाही ना?

नवा_भाडेकरू
बी.