वडिलांचं एचएलए (पेशींवरची ओळखखूण) अर्धंच जुळतंय, बीएमटी (बोन मॅरो ट्रान्सप्लांट) करावं का?

लातूरचा बाबा:
मुलगा ८ वर्षांचा, बी-सेल एएलएल (रक्ताचा कॅन्सर). केमो चालू असतानाच आजार उलटला. पुन्हा केमो देऊन रेमिशन आलंय, म्हणजे आजार आटोक्यात आहे, आता डॉक्टर बीएमटी सांगतायत. बहिणीचं जुळलं नाही, माझं अर्धं जुळतंय. घरचे म्हणतात, अर्धवट जुळलेलं कशाला घालायचं, शिवाय तुझ्या मणक्यातून काढणार. कुणाला अनुभव?

अन्वीची आई:
दादा, मणक्याचा काही संबंध नाही. भूल देऊन कमरेच्या हाडातून काढतात, नाहीतर चार-पाच दिवस जीसीएसएफची (मूळ पेशी रक्तात आणणारी) इंजेक्शनं देऊन मशीनवर रक्तातून पेशी वेगळ्या करतात. आमच्या ह्यांना मशीनवर घेतलं. हाडं ठणकली, पॅरासिटामॉलवर भागलं.

सख्ख्या भावंडाचं पूर्ण जुळायची शक्यता चारात एक. आईबापाचं मात्र अर्धं जुळतंच. पूर्वी यात फार धोका असायचा. आता बऱ्याच ठिकाणी पेशी चढवल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देतात, म्हणजे पोरावर उठणाऱ्या दात्याच्या पेशी मारल्या जातात.

पेशी चढवायचा दिवस अगदीच साधा. सासूबाई देव पाण्यात ठेवून बसलेल्या आणि इकडे एक लालसर पिशवी लाइनमधून गेली, संपलं! खरे हाल पुढे. अन्वीचं तोंड आतून सोलून निघालं, थुंकी गिळवेना. एएनसी, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा आकडा, ५०० च्या वर जाईपर्यंत रोज सीबीसीच्या (रक्त तपासणीच्या) कागदाकडे डोळे. वॉर्डातून सुटल्यावर तळहात-तळपाय लाल झाले किंवा जुलाब लागले तर सकाळची वाट बघू नका, जीव्हीएचडी, म्हणजे दात्याच्या पेशींचा पोराच्या शरीरावर हल्ला, असू शकतं. म्हणून पहिले १०० दिवस दवाखान्याजवळच राहायचं. टाटाकडे असाल तर बीएमटी खारघरला त्यांच्याच ॲक्ट्रेक केंद्रात होतं. राहण्यासाठी सेंट ज्यूडच्या सेंटरचं सोशल वर्करला आत्ताच विचारा, ऐनवेळी खोली मिळत नाही.

वॉर्डातली सिस्टर:
ताईंनी नीट सांगितलंय. ट्रान्सप्लांटआधी एमआरडी (उरलेल्या कॅन्सर पेशी शोधणारी तपासणी) निगेटिव्ह आहे का, तुमच्या पेशींविरुद्ध त्याच्या रक्तात अँटिबॉडी आहेत का, हे दोन्ही डॉक्टरांना विचारा. आणि रक्त, प्लेटलेट इरॅडिएट (किरणांची प्रक्रिया) केलेलंच लागतं. नातेवाईकांनी परस्पर पिशव्या आणायच्या नाहीत.

लातूरचा बाबा:
एमआरडी निगेटिव्ह आलंय. अँटिबॉडीचं सोमवारी विचारतो. माझा गट बी, त्याचा ओ. चालतं का?

वॉर्डातली सिस्टर:
चालतं. त्यासाठी लागेल ती प्रक्रिया डॉक्टर करतात. हळूहळू त्याचा गटही बी होईल. तोवर रक्तपेढीच्या फॉर्मवर दोन्ही गट लिहायचे.