पद्मिनीला नवे पिस्टन घातले, तरी कॉम्प्रेशन कमी का?

निपाणीवाला: वडिलांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे. दोन महिन्यांपूर्वी ब्लॉक बोअर करून अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईज पिस्टन आणि नव्या रिंगा घातल्या. धूर थांबला, आवाजही गोड झाला. पण ज्या तवंदी घाटात वडील तिसऱ्या गिअरवर चढायचे, तिथं आता दुसरा टाकावा लागतो. कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा दाबल्यावरचा दाब, मोजायचा गेज लावला तर चारही सिलिंडर 115 ते 118 पौंड (दर चौरस इंचाला). वडिलांच्या जुन्या वहीत 130 लिहिलंय. मिस्त्री म्हणतात रिंगा बसू देत, पण 1400 किलोमीटर झाले की. आणखी किती थांबू?

खानापूर_रोड: व्हॉल्व्ह घासून घ्या. बहुतेक तिथंच गळतंय.

निपाणीवाला: हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढलं तेव्हाच घासलेत, टॅपेटही (व्हॉल्व्हची फट) लावलेत. प्लगच्या भोकातून चमचाभर तेल सोडून परत बघितलं. काटा जेमतेम तीन पौंड चढला.

बोअरिंगवाला_उद्यमबाग: मग रिंगांचा नाद सोडा. रिंगा गळत असत्या तर तेलानं फट बुजून काटा चांगलाच वर गेला असता. व्हॉल्व्ह गळतात ते एखाद-दुसऱ्या सिलिंडरला, चारही सारखे पडत नाहीत. तुमच्याकडं हवा गळत नाही, ती दाबायला जागाच जास्त झालीय.

बेळगावच्या उद्यमबागेत 31 वर्षं बोअरिंग मशीनवर काढली. पिस्टन आला की सगळे व्यास मोजतात, उंची कुणी बघत नाही. पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची कमी असली, की पिस्टन वर येऊनही माथा खालीच राहतो. पद्मिनीचा बोअर (सिलिंडरचा व्यास) 68 आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 75 मिलिमीटर, म्हणजे एका सिलिंडरला 272 सीसी. वर 40 सीसी जागा उरते असं धरा: 272 अधिक 40 म्हणजे 312, भागिले 40, रेशो (हवा किती पट दाबली जाते) 7.8. माथा फक्त एक मिलिमीटर खाली राहिला तर जागा 3.6 सीसीनं वाढते आणि रेशो 7.24 वर येतो. वहीतल्या 130 चे 118 व्हायला एवढं पुरतं. माथ्याला खोलगट वाटी असेल, तर तीही यात धरायची.

जुने पिस्टन भंगारात घातले नसतील तर दोन्ही शेजारी ठेवा. पिनच्या भोकाच्या वरच्या कडेपासून माथ्यापर्यंत व्हर्नियर लावा. पिन तीच आहे, म्हणून कडेपासून मोजलेलं चालतं.

खानापूर_रोड: तेवढं हेड घासून भरून काढलं तर?

बोअरिंगवाला_उद्यमबाग: माझं मत विचाराल तर नको. हेड ॲल्युमिनियमचं, कितीदा घासणार? शिवाय हेड खाली आलं की पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) लांब पडतात आणि त्या ज्याला ढकलतात त्या रॉकरचा कोन बिघडतो. माथा आणि हेडचा सपाट भाग जवळ आले, की मधलं मिश्रण जोरात आत ढकललं जातं आणि नीट घुसळून झटकन जळतं. माथा खाली राहिला की ते घुसळणं मंदावतं. तुमचा घाटातला दम तिथंही गेलाय. आणि मुंबईवाल्यांच्या आकड्यांशी ताडू नका. आपल्या बेळगावला, 750 मीटरवर, हवाच आठेक टक्के पातळ, तेवढा काटा कमीच दाखवणार. वडिलांची वही धरा.

निपाणीवाला: काका, जुने पिस्टन माळ्यावर पोत्यात सापडले. चारही मोजले. नवे 1.1 मिलिमीटरनं बुटके आहेत. दुकानदाराला दोन्ही दाखवले, तो बदलून द्यायला तयार आहे. या वेळी व्हर्नियर सोबत नेतो.

बोअरिंगवाला_उद्यमबाग: चारही मोजूनच घ्या, आणि वजनंही ताडा. हेडखालचं गॅस्केट मात्र नवंच घाला.