जुन्या मोझॅकवर लॅमिनेट: खाली प्लाय हवा की नको?

काटकोन (धागाकर्ता)
मोझॅक न उखडता वर लॅमिनेट (लाकडासारख्या दिसणाऱ्या, एकमेकींत अडकवायच्या तयार पट्ट्या) टाकताना बहुतेक ठिकाणी २ मिमीचा फोम अंथरून थेट पट्ट्या जोडतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी १२ मिमी प्लाय ठोकून घ्यावा. जुनी फरशी कुठे खचलेली, कुठे उचललेली असते. फोम ते झाकतो, भरून काढत नाही. खळग्यावर पाय पडला की पट्टी दबते आणि दबून दबून क्लिकची जीभ, म्हणजे पट्ट्या एकमेकींत अडकवणारी कड, तुटते.

१२×१० फुटांच्या खोलीला ८×४ च्या ४ शीट हिशेबात बसतात, पण सांधे एकाआड एक सरकवायचे तर ५ आणा. दोन शीटमध्ये ३ मिमी, भिंतीपाशी १० मिमी फट. कडेला दर ६ इंचांवर, मध्ये दर १२ इंचांवर स्क्रू. डोकं प्लायच्या आत बुडालंच पाहिजे.

पाणसाळ
साफ असहमत. १२ मिमी प्लाय स्क्रूने आवळला की खळग्यात तोही वाकतो, मग सपाट काय झालं? आणि सैल ठेवला तर चालताना करकरतो.

तुमच्याच मापाने एका शीटला ७० च्या आसपास स्क्रू होतात, म्हणजे खोलीभर २८० भोकं. गिट्टीसाठी, म्हणजे स्क्रू धरणाऱ्या प्लगसाठी, ड्रिल मारताना मोझॅकचे टवके उडतात. फरशीखालच्या भरावात वायरिंगचा पाइप असला तर तोही गेला.

२ मीटरचा सरळ पट्टा फरशीवर ठेवून बघा. खाली ३ मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर उंचवटे घासा आणि खळगे सेल्फ लेव्हलिंगने (ओतल्यावर आपोआप सपाट पसरणारं सिमेंटचं मिश्रण) भरा. त्याआधी पॉलिश खरवडून प्रायमर मारा, नाहीतर भरलेला थर पापुद्र्यासारखा सुटतो. ठोकून पोकळ वाजणारी फरशी काढून पुन्हा बसवा. लॅमिनेटला एवढंच लागतं.

ओलावा
तळमजल्याबद्दल कुणीच बोललं नाही. तिथे जमिनीतून ओल वर येते, म्हणून प्लायखाली पॉलिथिन हवं. आणि तेच पॉलिथिन हे स्क्रू चाळणीसारखं करतात. वर लॅमिनेट, खाली ओल, मध्ये कोंडलेला प्लाय: वाळवीला आमंत्रणच. त्यात एमआर प्लाय (फक्त दमटपणा सोसणारा, पाणी नाही) वापरला तर पावसाळ्यात फुगणारच. आधी २×२ फूट पॉलिथिन चारही बाजूंनी टेपने चिकटवून २४ तास ठेवा. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर लाकडी काम थांबवा.

काटकोन (धागाकर्ता)
स्क्रूचा मुद्दा मान्य, पण उपाय आहे. फरशीला भोकच पाडू नका. पॉलिथिनवर १२ मिमीचे दोन थर टाका, वरचा खालच्याला आडवा, मध्ये गोंद, आणि १९ मिमीचे स्क्रू. दोन थर मिळून २४ मिमी होतात, त्यामुळे टोक खाली पोचत नाही. प्लाय आयएस ७१० चा (पाणी सोसणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्का असलेलाच घ्या. अस्सल लाकडी पट्ट्या खिळ्यांनी ठोकायच्या असतील तर असा पाया लागतोच, लेव्हलिंगमध्ये खिळा धरत नाही.

पाणसाळ
अस्सल लाकडासाठी मान्य. पण धागा लॅमिनेटचा आहे. २४ मिमी प्लाय, २ फोम, ८ लॅमिनेट, झाले ३४ मिमी. खोलीचं प्रत्येक दार खालून कापा, बाल्कनीच्या स्लायडिंगचा खालचा ट्रॅक बुडाला की काय ते बघा, आणि बाथरूमच्या उंबऱ्याची उंची मोजा. उंबरा नव्या जमिनीच्या खाली गेला तर बाथरूमचं पाणी थेट प्लायच्या कडेत शिरेल.