मदत हवी आहे : दीनानाथ दलालांची चित्रं असलेले जुने अंक कुणाकडे आहेत का?

नमस्कार मंडळी. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या मराठी शाळेत चित्रकार दलालांच्या चित्रांचं छोटं प्रदर्शन भरवायचं आहे. मडगावला १९१६ साली जन्मलेला हा माणूस मुंबईत जे. जे. कलाशाळेत शिकला, १९४५ साली स्वतःचा ‘दीपावली’ हा दिवाळी अंक काढला आणि १९७१ साली, पंचावन्नही पुरी न होता गेला. तेवढ्यात किती मुखपृष्ठं, किती कथाचित्रं! पोरांना हे दिसायलाच हवं.

आमच्या मामांच्या ट्रंकेत काही अंक निघाले, पण इकडचा पाऊस तुम्हाला ठाऊकच आहे. पानं एकमेकांना चिकटलीत, कडा कसरीने खाल्ल्यात. चिकटलेली पानं न फाडता कशी सोडवायची? आणि बुरशीचे डाग तसेच ठेवावेत की काही करता येतं?

त्यातच एक सुटं चित्र सापडलंय, पाठमोरी बाई, घागर घेतलेली. पदर म्हणजे एकाच ओल्या हाताने ओढलेला निळा रंग, आणि घागरीवरची चमक म्हणजे नुसता कोरा सोडलेला कागद. भिंगातून पाहिलं तर छपाईचे ठिपके दिसत नाहीत, म्हणजे हाताने रंगवलेलं असावं. सही नाही. दलालांचंच आहे असं मी म्हणत नाही, पण जाणकाराने एकदा प्रत्यक्ष बघावं असं फार वाटतं.

बेळगाव, निपाणी, चिकोडी भागात कुणाकडे १९७१ पूर्वीचे अंक असतील तर कृपया कळवा. अंक न्यायची गरज नाही, तुमच्या घरी येऊन फोटो काढून घेईन.