पायलटच बावळट? मग लॉक रिंग कुठे गेली?

सातपूरचा फिटर: काल इथे 'गंगापूररोड' साहेबांनी ठोकून दिलं, "छोटं विमान पडलं की दहातल्या नऊ वेळा पायलटच बावळट असतो. कंट्रोल निकामी झाला ही मालकाची सारवासारव." वाचलं आणि डोकंच फिरलं.

४ सप्टेंबर २०२२, अमेरिकेत सिॲटलजवळचा म्यूटिनी बे. डीएचसी-३ ऑटर, पाण्यावर उतरणारं एक इंजिनाचं विमान. पायलट धरून दहा माणसं, हवा स्वच्छ. सरळ चाललेलं विमान एकदम नाक खाली करून पाण्यात गेलं. कोणी वाचलं नाही. अवशेष काढले तर शेपटीच्या आडव्या पंखाचा कोन बदलणारा ॲक्च्युएटर दोन भागांत. तुटलेला नव्हता हो, आटे शाबूत! दोन्ही भाग जोडणारा नट फिरत फिरत सुटला, कारण तो फिरू नये म्हणून बसवायची लॉक रिंग जागेवर नव्हती. तारेची एवढीशी रिंग. पायलटने काय करायचं, उडत्या विमानाच्या शेपटीवर बसून नट आवळायचा?

गंगापूररोड: एक केस काढली की झालं का? ३१ मे २०१४, बॉस्टनजवळ बेडफर्ड, खासगी गल्फस्ट्रीम जेट. तिथेही कंट्रोल जाम. का? उभ्या विमानाचे कंट्रोल वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेला गस्ट लॉक काढलाच नव्हता! सात जण गेले. त्या वैमानिकांनी आधीच्या १७५ टेकऑफपैकी ९८ टक्के वेळा कंट्रोलची पूर्ण तपासणी केली नव्हती. आता बोला.

सातपूरचा फिटर: बोलतो की. लॉक लागलेला असताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायचा दांडा, इतका पुढे जायलाच नको होता, ती रचना फसली, हेही त्याच अहवालात आहे. अर्धं वाचून उड्या मारू नका.

ओझर रिटायर्ड: दोघंही जरा दमानं घ्या. माझी उमर हँगरमध्ये गेली. कंट्रोलच्या जोडणीला हात लागला की काम करणारा वेगळा, तपासणारा वेगळा, हा नियम. लॉकवायर, म्हणजे नट सैल होऊ नये म्हणून बांधायची तार, सुद्धा नट आवळायच्या दिशेनेच ओढ घेईल अशी पिळायची. उलटी पिळली तर वरिष्ठ पक्कड घेऊन समोर कापायचे. २००३ ला अमेरिकेत शार्लटला 'बीच १९००' हे छोटं प्रवासी विमान पडलं, २१ जण गेले. एलेव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीच्या, केबल चुकीच्या लावलेल्या. जो काम शिकवत होता तोच तपासनीस, आणि मधल्या पायऱ्या गाळलेल्या.

गंगापूररोड: काका, त्यात वजनही जास्त होतं, तेही मागच्या बाजूला. ते का गाळलंत?

ओझर रिटायर्ड: होतं. पण वजन पायलटने उचलून ठेवलं नव्हतं. कंपनी प्रवाशांच्या वजनाचे जुने सरासरी आकडे धरत होती.

इंदिरानगर बी विंग: तपासणीचा विषय निघालाच आहे तर आमच्या लिफ्टचं ऐका. एएमसीवाला, म्हणजे देखभालीचं वार्षिक कंत्राट घेतलेला माणूस, येतो, वॉचमनच्या टेबलावर चहा पितो, रजिस्टरवर सही ठोकतो आणि जातो. मशीनरूमची चावी माझ्याकडे असते, त्याने कधी मागितलीच नाही! मागच्या महिन्यात सासूबाई दुसऱ्या-तिसऱ्याच्या मध्ये अडकल्या. त्यांना बीपी आहे.

सिडको खजिनदार: ताई, तुमच्या सोसायटीत मेंटेनन्स किती जण भरतात ते आधी सांगा. आमच्याकडे लिफ्टचा दोर बदलायचा म्हटलं तर तळमजलेवाले म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरतच नाही.

इंदिरानगर बी विंग: आम्ही वेळेवर भरतो, भाऊ. पैसे कुठे जातात ते खजिनदारांनाच ठाऊक.

सिडको खजिनदार: हा आरोप समजायचा का? गेल्या एजीएमला तुमच्यासारखेच पाच जण ओरडले, आणि कमिटीवर या म्हटलं की सगळ्यांना गुडघेदुखी!

तळमजला नाशिकरोड: तळमजल्यावाल्यांनी का भरायचं? आमच्या छताला पाणी गळतं तेव्हा कोण येतं?

सातपूरचा फिटर: अरे भो, विमानावर बोलत होतो आपण.

गंगापूररोड: जाऊ द्या. तुमच्या समाधानासाठी दहातल्या नऊ नाही, आठ वेळा पायलट. खूश? बाकी दोनसाठी लॉक रिंगची आरती ओवाळा.

सातपूरचा फिटर: आठ तरी कुठून आणले? उड्डाणाआधी स्टिक, म्हणजे पायलटच्या हातातली कंट्रोलची दांडी, पुढे-मागे हलवून बघतात, ठीक. पण नट अर्धा सुटलेला असला तरी ती हलते. आतलं तिथून दिसत नाही.

ओझर रिटायर्ड: हे मात्र खरं. त्यासाठी झाकण उघडावं लागतं. ताई, त्या माणसाला उद्या चावी हातात द्या आणि मागोमाग वर जा.

इंदिरानगर बी विंग: जिन्यानेच जावं लागेल, काका. लिफ्ट बंद आहे.

सिडको खजिनदार: बघा, आणि म्हणे वेळेवर भरतो.