मोठी फाईल दिली की प्रोग्राम उडतो, बॅकट्रेसमध्ये नुसतं मॅलॉक दिसतंय

सेगफॉल्टग्रस्त:
मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. सी प्लस प्लसचा एक जुना प्रोग्राम गळ्यात पडलाय, लिहिणारा केव्हाच सोडून गेला. सीएसव्ही वाचायची आणि पहिल्या रेकॉर्डमध्ये एकूण बेरीज ठेवत जायची, बस एवढंच काम. छोट्या फाईलवर मस्त चालतो, मोठी दिली की कधी सेगमेंटेशन फॉल्ट कधी नुसतं अबॉर्टेड, आणि लूपमध्ये प्रिंटएफ टाकला की क्रॅश भलतीकडेच जातो नाहीतर गायबच होतो. जीडीबी डीबगरमध्ये बॅकट्रेस (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) घेतला तर वर मॅलॉक, म्हणजे मेमरी मागायचं फंक्शन, आणि खाली स्ट्रिंग कॉपी करणारी साधी ओळ, तिच्यात काहीच वावगं नाही. ग्लिबसी या सी लायब्ररीतच बग आहे का काय? आणि कोअर डम्प्ड असं येतं पण फोल्डरमध्ये कोअर फाईलच (क्रॅशच्या वेळची मेमरी साठवलेली) नाही, उबुंटू आहे.

पॉइंटरपाटील:
ग्लिबसीला सोड रे. मॅलॉकच्या आत मेला म्हणजे हीपची (मॅलॉक जिथून मेमरी देतो ती जागा) वाट आधीच कोणीतरी लावलीये, चोरी रात्री झाली आणि तू सकाळी कुलूप उघडणाऱ्याला धरतोयस. ॲड्रेस सॅनिटायझर लाव, मेमरीच्या चुका पकडतो, जीसीसी क्लँग दोन्ही कंपायलरमध्ये आहे. डीबग सिम्बॉल्सचा फ्लॅग चालू ठेव, सॅनिटायझरचा फ्लॅग लिंक करतानाही दे, आणि तीच मोठी फाईल चालव. फ्री झालेली मेमरी तो लगेच परत वाटत नाही, बाजूला ठेवतो, त्यामुळे कोणी तिला हात लावला की जागच्या जागी पकडला जातो. प्रोग्राम साधारण दुप्पट हळू होईल, चालतंय.

रात्रपाळी:
कोअरचं सांगतो. प्रॉक फोल्डरमध्ये सिस, त्यात कर्नल, तिथली कोअर पॅटर्न फाईल उघडून बघ. सुरुवातीला उभी रेघ असेल तर कोअर दुसऱ्याच प्रोग्रामकडे जाते, उबुंटूवर बहुतेक क्रॅश रिपोर्ट गोळा करणाऱ्या ॲपोर्टकडे. परत बिल्ड करणं शक्य नसेल तर मेमरी तपासणारा व्हॅलग्राइंड आहेच, पण तो वीसेक पट हळू, चहा पिऊन ये. फक्त सॅनिटायझरवाला बिल्ड व्हॅलग्राइंडखाली चालवू नको, दोघांचं जमत नाही.

सेगफॉल्टग्रस्त:
सापडलं राव!! हीप यूज आफ्टर फ्री, म्हणजे फ्री झालेली मेमरी परत वापरणं. रिपोर्टमध्ये तीन बॅकट्रेस आले, लिहिलं कुठे, फ्री कुठे झालं, आणि आधी घेतलं कुठे. लिहिणारी ओळ बेरजेची, आणि फ्री करणारी व्हेक्टरचा (वाढत जाणारी यादी) पुश बॅक, म्हणजे शेवटी नवीन रेकॉर्ड जोडणं! कोडमध्ये सुरुवातीलाच १००० रेकॉर्डच्या जागेचं रिझर्व्ह आहे आणि पहिल्या रेकॉर्डचा पॉइंटर काढून ठेवलाय. १००१ वा रेकॉर्ड आला की व्हेक्टर नवीन जागी जातो, पॉइंटर जुन्याच पत्त्यावर बेरीज लिहीत बसतो. म्हणून छोट्या फाईलला काही होत नव्हतं. रिझर्व्ह १ लाख करून टाकू का?

पॉइंटरपाटील:
अजिबात नको, १ लाख १ ओळींची फाईल येईल तेव्हा परत इथेच येशील. पॉइंटरऐवजी इंडेक्स ठेव, किंवा खरं तर बेरीज वेगळ्या व्हेरिएबलमध्येच घे, रेकॉर्डात कोंबायची गरजच काय होती त्या माणसाला. व्हेक्टरऐवजी डेक्यू ही दुसऱ्या प्रकारची यादी वापरलास तर पुश बॅकने पॉइंटर बिघडत नाहीत, पण एवढ्यासाठी कशाला.

सेगफॉल्टग्रस्त:
ओके, वेगळं व्हेरिएबल करतो. सॅनिटायझर कायमचा चालू ठेवला तर?

रात्रपाळी:
टेस्टच्या बिल्डमध्ये ठेव, कस्टमरला देऊ नको, मेमरी लय खातो.