बाळाचा ढेकर: तुमच्या घरी कुणाच्या खांद्यावर?

गोदाकाठ
परवा तपोवनने मुंबईला निघालो होतो. परभणीला एक जोडपं चढलं, संगं दोनेक महिन्यांचं लेकरू. आईनं पदराआड पाजलं आणि नवऱ्याच्या हाती दिलं. गडी उभा राहून पाठ थोपटायला लागला. मानवत रोड गेलं, सेलू गेलं, ढेकर काही येईना. समोरची आजी म्हणे जरा वर धर, खिडकीतले काका म्हणे मांडीवर पालथं घाल. परतूरच्या अलीकडं आला एकदाचा, आणि असा खणखणीत की तीन सीट पुढचा माणूस वळून बघायला लागला. सगळा डबा हसला.

मला आमचे आबा आठवले. थोरली लेक 2009 ची. आबांनी मला कधी कडेवर घेतल्याचं आईलाही आठवत नाही, तशी रीतच नव्हती. पण नातीची रात्री दोनची पाजणी झाली की अंगणातल्या बाजेवरून आवाज यायचा, "आणा इकडं." खांद्यावर उपरणं टाकायचे. हाताला घट्टे, म्हणून तळवा टेकवायचेच नाहीत. बोटं वाकवून, ओंजळ पालथी केल्यासारखा हात करून खालून वर थोपटत जायचे, येरझाऱ्या घालत. तोंडानं बैलांची नावं, एकेक करून, वारलेल्या बैलांची पण. ढेकर आला की म्हणायचे, "झालं, जुपा आता." उपरण्याला कायम आंबूस वास. आईनं धुवायला मागितलं तर द्यायचे नाहीत.

तुमच्याकडं कोण काढायचं? लिहा.

दोन_लेकरांची_माय
सासूबाई. ढेकर आल्याबिगर खाली ठेवायचं नाही असा कायदाच होता. पहिल्याला अर्धा अर्धा तास धरून बसायचे, पाठ मोडायची, हा पठ्ठ्या खांद्यावर घोरतोय. दुसऱ्याच्या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या, दहा मिनिटं बघा, नाही आला तर नाही आला, उताणं निजवा. हे पहिल्या वेळी काहून सांगितलं नाही कुणी?? कुकर झाला, येते.

काना_मात्रा
ढेकर तो की ती? आमच्याकडं ती.

हुरडा
बारीक असली की ती. पंगतीत आला की तो.

काना_मात्रा
😂 मान्य

टँकरची_वाट
लेक मार्च 2016 ची, लातूर. यावरून काय ते समजा. दर पाजणीला ढेकरासोबत दूध टाकायची, फाटलेलं, दह्यासारखं. दिवसाला दहा दुपटी आणि नळ कोरडा. एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी यायला लागलं, तरी आमच्या गल्लीत काय लगेच धो धो आलं का? एक दुपटं कोपरा कोपरा करून वापरायचे. चार कोपरे, मग उलटं करून परत चार. म्हणजे आठ ढेकरांना एक दुपटं. लेकीच्या आंघोळीचं पाणी घंगाळात अडवून त्यातच ती धुवायची आणि तेच पाणी मग मोरीत. नवरा एकदा म्हणाला, ढेकर नीट काढली असतीस तर एवढं धुणं पडलं नसतं. त्या दिवसापासून पाजून झालं की लेक त्याच्या खांद्यावर. ऑफिसला जायच्या इस्तरीच्या शर्टावर. मुद्दाम.

हुरडा
मुद्दाम हे वाचून बरं वाटलं

सिस्टरबाई_निवृत्त
मी बत्तीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात काढली, म्हणून चार गोष्टी. दूध ओढताना लेकरू हवा गिळतं, रडून रडून मग पाजलं तर जास्तच. बाटलीवाल्यांनी बाटली इतकी तिरकी धरावी की बुचात दूधच राहील, हवा नको. खांद्यावर घ्या, मांडीवर बसवून हनुवटीला आधार द्या (गळ्याला नाही, बोटं जबड्यावर), नाहीतर मांडीवर पालथं. आपटायचं नाही. गोदाकाठ, तुमच्या आबांची ओंजळ अगदी बरोबर होती. अंगावर नीट पिणाऱ्या पुष्कळ लेकरांना ढेकर लागतच नाही. बसायला लागली की आपली आपण देतात. थोडंसं दूध टाकणं काही नाही, जठराच्या तोंडाची झडप कच्ची असते. पण हिरवी उलटी झाली, किंवा दर पाजणीला लांब फेकल्यासारखी व्हायला लागली, वजन भरत नसलं, तर घरी थोपटत बसू नका, लगेच दवाखाना. आणि मध एक वर्षाच्या आत बोटावरसुद्धा नाही. आजीबाई रागावल्या तर रागावू द्या.

दोन_लेकरांची_माय
सिस्टर, घुटीचं काय? सासूबाईंचा डबा तयारच असतो. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, सगळं.

सिस्टरबाई_निवृत्त
सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही, उन्हाळ्यातही नाही. डबा त्यांना म्हणावं जपून ठेवा.

माळवद
मी तेव्हा सव्वा महिन्याचा, म्हणजे हे आईकडून ऐकलेलं. औशाकडचं गाव. 29 सप्टेंबर 1993, विसर्जन करून सगळे उशिरा निजलेले. पहाटे मी उठलो, आईनं पाजलं. आत उकडत होतं म्हणून ढेकर काढायला मला घेऊन बाहेर अंगणात आली. चारला चारेक मिनिटं कमी होती. आई म्हणते आधी वाटलं आपल्यालाच भोवळ आली. मग माळवद खाली आलं, आम्ही निजायचो त्याच खोलीचं. आजोबा आत होते.
ढेकर आला का नाही हे तिला आठवत नाही. मी लहानपणी लै वेळा विचारायचो.

टँकरची_वाट
माळवद 🙏 आमची पण आत्या त्यात गेली, किल्लारीत दिलेली.

पत्र्याचं_घर
आम्ही त्यानंतर शेडमध्ये राहिलो. उन्हाळ्यात भट्टी. धाकटा भाऊ तिथलाच. अजून स्लॅबखाली झोपताना आई दाराकडं तोंड करून झोपते.

कोयता
बीड जिल्हा, आईबाप ऊसतोडीला. माझी बहीण कोपीवर झाली. आई फडात मोळ्या बांधायची, मी पाच वर्षांचा, झोळी माझ्याकडं. आई बांधावर यायची, पाजायची आणि लेकरू माझ्या खांद्यावर टाकून परत फडात. खांदा तो केवढा! ढेकर आला की मी ओरडायचो, "आला गं!" आणि ती तिकडून "निजव" म्हणायची. आता बहीण कृषी सहायक आहे. जेवल्यावर अजून मोठ्यानं ढेकर देते आणि माझ्याकडं बघते.

काना_मात्रा
कोयता, भारी लिहिलंस राव.

हुरडा
उचकीचं कुणी लिहिलं नाही. दुपट्याचा धागा काढून थुंकी लावून कपाळावर चिकटवायचा. आमच्या घरी आलेला पाहुणा पण यातून सुटला नव्हता.

सिस्टरबाई_निवृत्त
धाग्यानं काही होत नाही, अपाय पण नाही. उचकी आपली आपण जाते.

रात्रपाळी_जालना
आत्ता एका हातानं टाईप करतेय, पावणेतीन वाजलेत. सव्वीस दिवसांचं बाळ. वीस मिनिटं झाली थोपटतेय. खाली ठेवलं की पाय पोटाशी घेऊन कण्हतंय. नवरा ड्यूटीवर. आईकडं नाही जाता आलं. काय करू

सिस्टरबाई_निवृत्त
जागीच आहे मी. खांद्यावरून काढ. मांडीवर आडवं बसव, हनुवटी हातात, जरा पुढं झुकव. पाठीवर खालून वर नुसता हात फिरव. ताप नाही ना? दूध पितंय ना नीट?

रात्रपाळी_जालना
ताप नाही. पितंय चांगलं. बसवलंय

गोदाकाठ
बैलांची नावं घेऊन बघा. सर्ज्या, पवन्या, ढवळ्या.

रात्रपाळी_जालना
😄 आमच्याकडं ट्रॅक्टर आहे

रात्रपाळी_जालना
आला!! गाऊनवर पण आलं

टँकरची_वाट
कोपरा वापर, गाऊन नको. दुपटी किती आहेत तुझ्याकडं?